रेघेची किंमत : मिनी ड्राफ्टरपासून फुकटच्या कॅडपर्यंत

  हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "घरी छोटेमोठे मेकॅनिकल प्रोजेक्ट करायचेत, थ्रीडी प्रिंट काढायच्यात, पण कॅड सॉफ्टवेअरला लाखभर रुपये घालायचे नाहीत. स्वस्तातलं कुठलं घेऊ?" याचं उत्तर पाच ओळींत देता आलं असतं. पण मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीत जे झालं, त्यानंतर मला कळलं की "स्वस्त" या शब्दाचा अर्थच मला नीट माहीत नव्हता. म्हणून आज जरा इतिहासात शिरूया. यादी शेवटी आहे, पण थेट तिकडे पळू नका.

चार दिवस, पाच वारकरी आणि एक मोटर

आम्ही नौपाड्यात राहतो. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत जुनी चार मजली सोसायटी, खाली पार्किंगमध्ये गणपती. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोरांनी हलता देखावा केला होता. पाच वारकरी, प्रत्येकाच्या हातात टाळ. एका शाफ्टवर पाच कॅम, शाफ्ट फिरला की हात उघडमीट करायचे. मोटर ३० आरपीएमची, तिच्यावर २० दातांचं गिअर, ते ४० दातांच्या गिअरला लागलेलं. म्हणजे शाफ्ट मिनिटाला १५ फेरे. टाळ अगदी निवांत, अभंगाच्या लयीत वाजायचे. गिअर आणि कॅम सगळे आम्ही कॉम्प्युटरवर काढून थ्रीडी प्रिंट केलेले.

मागच्या वर्षी चार दिवस आधी सगळं बाहेर काढलं तर मोटर जळालेली. तशीच मोटर मिळेना. ६० आरपीएमची मिळाली. ही सिंक्रोनस मोटर. तिचा वेग घरातल्या विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो, रेग्युलेटर लावून कमी होत नाही. लावून पाहिली तर वारकरी टाळ वाजवत नव्हते, डास मारत होते!

उपाय सोपा होता. गिअर बदलायचे. २० आणि ४० ऐवजी १२ आणि ४८ दात. दोन्हींची बेरीज ६०च राहते, म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर तेच राहतं, लाकडी चौकटीला हातही लावायला नको. लॅपटॉप उघडला, आपल्या फाइलवर क्लिक केलं. फाइल दिसली, पण बदलता येईना. आम्ही वापरलेल्या सेवेच्या मोफत योजनेचे नियम मधल्या काळात बदलले होते. बघा हवं तितकं, बदलायचं असेल तर पैसे भरा. आणि भरायचे ते वर्षभराचे.

माझ्याकडे एसटीएल फाइल होती, प्रिंटरला देतात ती. पण एसटीएल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी. तिच्यात "इथे २० दात आहेत" असं कुठेही लिहिलेलं नसतं. भोक बुजवून नवीन पाडता येतं, पण दात बदलता येत नाहीत.

तेव्हा आजोबा खाली आले.

वागळे इस्टेटमधली रेघ

आजोबा निवृत्त ड्राफ्ट्समन. एमआयडीसी स्थापन झाली १ ऑगस्ट १९६२ला, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमधली एक म्हणजे आपली ठाण्याची वागळे इस्टेट. साठच्या दशकात आजोबा तिथल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. नौपाड्यातून सायकलने जायचे.

तेव्हा यंत्राचा भाग बनवायचा म्हणजे आधी ड्रॉइंग बोर्ड. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, नंतर ड्राफ्टर. आधी पेन्सिलने कागदावर, मग त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून शाईने. शाईत चूक झाली तर ब्लेडने अलगद खरवडायची. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायची, ती शॉप फ्लोअरवर जायची. आजोबा म्हणतात, त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं, पण प्रिंटवरची रेघ खोटं बोलायची नाही.

तुमच्यापैकी जे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करतायत त्यांना यातलं थोडं माहीत असेल. पहिल्या वर्षी खांद्याला ड्रॉइंगची नळी, हातात मिनी ड्राफ्टर आणि बॅगेत एन. डी. भट यांचं जाडजूड पुस्तक अशा अवतारात लोकलमध्ये चढलात की अख्ख्या डब्याला कळतं, "फर्स्ट इयर!"

या पद्धतीत एका रेघेची किंमत काय होती? माणसाचा वेळ. एक माप बदललं की तीन व्ह्यूमध्ये ती रेघ हलवायची, डायमेन्शन पुन्हा लिहायची, नवीन प्रिंट काढायची. अर्धा दिवस गेला. पण एक गोष्ट फुकट होती आणि ती कुणाच्या लक्षातही यायची नाही. कपाटातलं ट्रेसिंग वीस वर्षांनी काढलं तरी वाचता यायचं. ते वाचायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

हे लक्षात ठेवा. सगळा भाग या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

रेघेला नियम शिकवणारा पोरगा

आता आजोबांना वागळे इस्टेटमध्ये सोडून अमेरिकेत जाऊ. साल १९६३. एमआयटीमधला आयव्हन सदरलँड नावाचा विद्यार्थी पीएचडीचा प्रबंध सादर करतो. वय पंचविशीच्या आत. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव स्केचपॅड. लिंकन लॅबोरेटरीमधल्या टीएक्स-२ या खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरवर तो चालायचा. पडद्यावर लाइट पेन टेकवायचं आणि रेघ काढायची.

पडद्यावर रेघ उमटते याचं कौतुक होतंच. पण खरी कमाल वेगळी होती. सदरलँडच्या रेघेला नियम सांगता यायचे. "या दोन रेघा समांतर राहतील." "हा कोन काटकोन राहील." तुम्ही वेडीवाकडी आकृती काढा, नियम सांगा, कॉम्प्युटर ती सरळ करून द्यायचा. आज तुम्ही कुठल्याही कॅडमध्ये स्केच काढून ज्याला कन्स्ट्रेंट म्हणता, ते तेव्हाचं. सदरलँडला पुढे १९८८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण हे वापरणार कोण? असा कॉम्प्युटर परवडणार कुणाला? साहजिकच विमानं आणि गाड्या बनवणाऱ्यांना. फ्रान्समध्ये रेनो कंपनीत पिएर बेझिए आणि सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो गाडीच्या वळणदार पत्र्याचं गणित मांडत होते. विमानं बनवणाऱ्या दासो कंपनीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वतःसाठी एक थ्रीडी प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचं नाव पुढे कॅटिया झालं आणि १९८१ साली तो विकण्यासाठी दासो सिस्टिम्स ही वेगळी कंपनी निघाली. तोवर कॅड म्हणजे कॉम्प्युटर, पडदा, टेबल आणि सॉफ्टवेअर असा अख्खा संच विकत घ्यायचा, आणि त्याची किंमत मोठ्या कारखान्यालाच झेपणारी. घरी बसून हौस म्हणून? विसरा.

हजार डॉलर, एक लॉक आणि कॉपी केलेली सीडी

१९८२ साली हे चित्र पालटलं. जॉन वॉकर आणि त्याच्या काही प्रोग्रॅमर मित्रांनी मिळून ऑटोडेस्क नावाची कंपनी काढली. माइक रिडल याने लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवरून त्यांनी ऑटोकॅड बनवलं. नोव्हेंबर १९८२मध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ते दाखवलं, डिसेंबरमध्ये विक्री सुरू. किंमत साधारण १,००० डॉलर, आणि साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर चालणारं. मोठ्या सिस्टिमपुढे ते खेळणंच वाटायचं. पण छोट्या वर्कशॉपला ते पुरेसं होतं.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवीन संगणक धोरण आणलं, कॉम्प्युटरवरचा कर आणि आयातीचे नियम सैल झाले. त्यानंतर हळूहळू ड्रॉइंग ऑफिसात पीसी दिसू लागले. आजोबांच्या ऑफिसात तो आला नव्वदच्या दशकात. एअरकंडिशन्ड काचेची केबिन, आत एक कॉम्प्युटर, बाहेर चपला काढायच्या! आजोबा पन्नाशीत शिकले. पहिला महिनाभर माऊस उलटा धरायचे, असं आजी सांगते. आजोबा नाकारतात.

पण १,००० डॉलर म्हणजे आपल्याकडे तेव्हा केवढी तरी मोठी रक्कम. कंपनी अमेरिकेबाहेर विकलेल्या प्रतींसोबत एक हार्डवेअर लॉक द्यायची. ते कॉम्प्युटरच्या मागे लावलं नाही तर प्रोग्रॅम चालायचा नाही. मग काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. खोटं कशाला बोला, आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने क्रॅक केलेल्या सीडीवर कॅड शिकलंय. क्लासमध्ये, घरी, सायबर कॅफेत. कुणी त्याला चोरी म्हणत नव्हतं. "कॉपी आहे का रे तुझ्याकडे?" एवढाच प्रश्न असायचा.

आज हे सांगायचं कारण असं की "फुकट" या शब्दाशी आपली ओळख तिथे झाली, आणि ती चुकीची झाली. क्रॅकवाली कॉपी फुकट वाटायची, पण अपडेट नाही, व्हायरस हमखास, आणि कधी व्यवसाय सुरू केला तर नोटीस यायची धास्ती. शिवाय कॉपी असो की ओरिजिनल, आपलं ड्रॉइंग राहायचं डीडब्ल्यूजी फाइलमध्ये. ती फाइल आतून कशी लिहिली जाते हे कंपनीने उघड केलेलं नव्हतं. ते उलगडून इतर प्रोग्रॅमना ती वाचता यावी यासाठी १९९८ साली ओपनडीडब्ल्यूजी नावाची संघटनाच उभी करावी लागली. विचार करा, स्वतःच काढलेली रेघ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता यावी म्हणून!

ट्रेसिंग पेपरला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

माप बदला, भाग आपोआप बदलेल

ऑटोकॅड म्हणजे मुळात कॉम्प्युटरवरचा ड्रॉइंग बोर्डच. रेघ रेघच राहायची. पुढची उडी मारली सॅम्युएल गाइजबर्ग या रशियातून अमेरिकेत गेलेल्या गणितज्ञाने. १९८५ साली त्याने पीटीसी कंपनी काढली आणि १९८७-८८च्या सुमारास प्रो-इंजिनिअर आलं. यात तुम्ही भाग कसा बनला याची पायरीपायरीने गोष्ट लिहिता. आधी हे स्केच, मग ते १० मिलिमीटर वर उचललं, मग मधे ७ मिलिमीटरचं भोक. उद्या भोक ८चं हवंय? फक्त तो आकडा बदला, पुढचं सगळं आपोआप बदलतं. याला पॅरामेट्रिक म्हणतात. आमच्या गिअरमध्ये २०चे १२ दात करायचे होते, ते नेमकं हेच.

प्रो-इंजिनिअर महाग होतं आणि महागड्या वर्कस्टेशनवर चालायचं. १९९३मध्ये जॉन हर्शटिक याने सॉलिडवर्क्स ही कंपनी काढली. गडी एमआयटीच्या त्या प्रसिद्ध ब्लॅकजॅक टीममधला, म्हणजे कॅसिनोत गणित लावून पत्ते खेळणारा! १९९५मध्ये त्याचं सॉफ्टवेअर आलं. साध्या विंडोज पीसीवर चालणारं, किंमत ४,००० डॉलरच्या आसपास. दोनच वर्षांत, १९९७ला, दासो सिस्टिम्सने ती कंपनी ३१ कोटी डॉलरला घेतली.

आणि इथे गोष्ट परत आपल्या मुलखात येते. मुंबईत गोदरेज समूहातून निघालेली जिओमेट्रिक नावाची कंपनी होती. सॉलिडवर्क्ससोबत मिळणारं फीचरवर्क्स त्यांनी बनवलेलं. २००२ साली जिओमेट्रिक आणि दासो यांनी मिळून पुण्यात थ्रीडीपीएलएम ही कंपनी काढली, जी पुढे पूर्णपणे दासोकडे गेली. म्हणजे जे सॉफ्टवेअर विकत घ्यायला पुण्या-ठाण्यातला पोरगा कचरतो, त्याचा काही कोड पुण्यातच बसून लिहिला जातोय. अभिमान वाटावा की हसावं, तुम्हीच ठरवा.

फुकटचे दोन रस्ते

एकविसावं शतक उजाडलं आणि कॅडची गरज कारखान्याबाहेर आली. का? यंत्रं स्वस्त झाली.

या बदलाचा एक मैलाचा दगड पुणे जिल्ह्यात आहे. पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावं, ही कल्पना. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली उभी राहिली ती पाबळमध्ये. बोस्टनमध्ये नाही, बंगळुरूत नाही, शिरूर तालुक्यात!

मग २००५ला इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात ॲड्रियन बोयर यांनी रेपरॅप सुरू केलं, स्वतःचेच भाग छापू शकणारा, आराखडे सगळ्यांना खुले असलेला थ्रीडी प्रिंटर. २००९मध्ये प्लास्टिकची तार वितळवून थर देण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि प्रिंटरच्या किमती धडाधड खाली आल्या. प्रिंटर घरात आला, पण त्याला द्यायचं काय? त्यासाठी कॅड हवं. आणि इथे फुकटचे दोन वेगळे रस्ते फुटले.

पहिला रस्ता: मोठ्या कंपनीने दिलेलं फुकट. ऑटोडेस्कने २०११ला १२३डी नावाने हौशी लोकांसाठी मोफत प्रोग्रॅम काढले आणि २०१७मध्ये ते बंद करून टाकले. २०१३ला फ्यूजन ३६० आलं, हौशी लोकांना मोफत. जगभरच्या मेकर मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. मधल्या काळात, २०१६पासून, कंपनीने आपलं सॉफ्टवेअर कायमचं विकणं थांबवलं. आता फक्त भाडं. सप्टेंबर २०२०मध्ये फ्यूजनच्या मोफत योजनेवर मर्यादा जाहीर झाल्या: एका वेळी फक्त १० फाइल बदलता येतील, काही प्रकारांत एक्स्पोर्ट बंद. त्यात स्टेप फाइलही होती. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की स्टेप परत द्यावी लागली. सॉलिडवर्क्सवाल्या हर्शटिकनेच २०१२मध्ये नवी कंपनी काढून ब्राउझरमध्ये चालणारं ऑनशेप आणलं. तेही मोफत मिळतं, पण तुमची डिझाइन जगाला दिसते.

यात कुणी खलनायक नाही हं. कंपनीला पगार द्यायचेत. तिने फुकट दिलं, नंतर आखडतं घेतलं, तो तिचा हक्क. पण तुमचं काम तिच्या घरात ठेवलेलं असतं, हे विसरू नका.

दुसरा रस्ता: खुलं सॉफ्टवेअर. कॅडच्या पोटात एक गणिती इंजिन असतं, त्याला कर्नल म्हणतात. दोन घन आकार एकमेकांतून वजा केले तर काय उरेल, हे तो काढतो. हे लिहिणं महाकठीण. इतकं की सॉलिडवर्क्ससुद्धा पॅरासॉलिड हा कर्नल वापरतं, जो आज प्रतिस्पर्धी सीमेन्सच्या मालकीचा आहे! १९९९ला फ्रान्सच्या मात्रा डेटाव्हिजन कंपनीने आपला ओपन कॅस्केड हा कर्नल सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर जर्मनीच्या युर्गन रीगेल आणि मित्रांनी फ्रीकॅड उभारायला घेतलं.

तिथून पुढे वीसेक वर्षं. वीस! फ्रीकॅड वापरणाऱ्यांना एक जुनं दुखणं माहीत असेल. आधीची एखादी पायरी बदलली की पुढचं भोक भलत्याच पृष्ठभागावर जाऊन बसायचं, कारण प्रोग्रॅम पृष्ठभागांची नावं विसरायचा. लोक वैतागून सोडून जायचे. नोव्हेंबर २०२४मध्ये फ्रीकॅड १.० आलं आणि त्यात हे दुखणं बरंचसं बरं झालं. याच रस्त्यावर २०१०पासून ओपनस्कॅड आहे, जिथे आकार माऊसने काढायचा नाही, कोड लिहून सांगायचा. आणि टू-डीसाठी लिब्रेकॅड.

खुलेपणाचा फायदा काय, ते २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दिसलं. मुंबईच्या मेकर्स असायलमने फेस शील्डचं डिझाइन खुलं ठेवलं, आणि देशभरातल्या हौशी-व्यावसायिक मंडळींनी आपापल्या गावात ते बनवलं. ४२ शहरं-गावं, ४९ दिवस, १० लाख शील्ड. फाइल कुणाच्या कुलपात असती तर?

मग घ्यायचं काय?

आता आली यादी. पण आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक: इंटरनेट किंवा कंपनी नसेल तर माझी फाइल उघडेल का? दोन: ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येईल का? तीन: उद्या मी ही वस्तू इन्स्टावर विकायला लागलो तर लायसन्स चालेल का?

अगदी पहिल्यांदा करताय, किंवा शाळेत आहात: टिंकरकॅड. ब्राउझरमध्ये, मोफत. ठोकळे जोडायचे, वजा करायचे. एका दुपारी किचेन तयार. पण गिअरबॉक्ससारखं मापात बसवायचं काम असेल तर लवकरच अपुरं पडेल.

जुना लॅपटॉप आहे, काम वर्षानुवर्षं टिकायला हवं: फ्रीकॅड. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं, कधीच पैसे लागत नाहीत, विकायलाही हरकत नाही. शिकायला पहिले दोन आठवडे डोकं धराल. धरा. आत गिअर काढायचं तयार साधन आहे: मोड्यूल आणि दात टाका, गिअर हजर.

कोडिंग येतं: ओपनस्कॅड. फाइल म्हणजे साधा मजकूर, पन्नास वर्षांनीही वाचता येईल. अर्थात गोलाईदार, सुबक आकारांना ते कंटाळवाणं आहे.

लॅपटॉप दुबळा आहे, किंवा मोबाइल-टॅबवर काम करायचंय: ऑनशेप. ब्राउझरवर चालतं, ॲप आहे, एकत्र काम करायला झकास. फक्त मोफत योजनेत डिझाइन सार्वजनिक आणि व्यावसायिक वापराला मनाई.

सीएनसीसुद्धा करायचंय, सगळं एकाच जागी हवंय: फ्यूजनची पर्सनल योजना. प्रोग्रॅम उत्तम आहे. मर्यादा वाचून घ्या आणि प्रत्येक तयार भागाची स्टेप प्रत स्वतःकडे ठेवा.

पुढे नोकरी याच क्षेत्रात करायचीय: पुणे-ठाण्याच्या कंपन्यांत सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, एनएक्स लागतं. कॉलेजात असाल तर विद्यार्थी आवृत्ती बघा. नसाल तर सॉलिडवर्क्सची मेकर आवृत्ती वर्षाला पन्नासेक डॉलरला मिळते, सीमेन्सचं सॉलिड एज हौशी लोकांना मोफत आहे. दोन्हींच्या फाइलवर शिक्का बसतो, त्या व्यावसायिक आवृत्तीत चालत नाहीत. आणि घाबरू नका: स्केच, कन्स्ट्रेंट, एक्स्ट्रूड ही विद्या सगळीकडे तीच. फ्रीकॅडवर कमावलेला हात कॅटियावर वाया जात नाही.

फक्त लेझर कटिंगला प्लायवूड-ॲक्रिलिक द्यायचंय: थ्रीडीच्या नादी लागू नका. लिब्रेकॅडमध्ये टू-डी काढा, डीएक्सएफ द्या, संपलं.

किमती आणि अटी बदलत असतात, डाउनलोड करायच्या दिवशी परत वाचा.

आता आजोबांच्या दोन सूचना. पहिली: काहीही वापरा, काम संपलं की तीन प्रती ठेवा. प्रोग्रॅमची मूळ फाइल, एक स्टेप, आणि मापं लिहिलेली पीडीएफ. स्टेप हे नव्वदच्या दशकातलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, जवळपास प्रत्येक कॅड ते वाचतं. त्यात पायऱ्यांची गोष्ट जात नाही, पण खरा घन आकार जातो. एसटीएलसारखी नुसती जाळी नाही.

दुसरी सूचना वर्कशॉपमध्ये जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात, अमेरिकेत थर्ड अँगलमध्ये. सॉफ्टवेअरचा साचा अमेरिकन असेल तर वरून दिसणारा व्ह्यू खाली येण्याऐवजी वर आणि डावा उजवीकडे येण्याऐवजी डावीकडे येतो. वागळेतला टर्नर सवयीने फर्स्ट अँगल समजून वाचेल आणि खाच भलत्या बाजूला पाडून देईल. चूक त्याची नाही. सेटिंग तपासा, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ते शंकूचं चिन्ह टाकायला विसरू नका.

लग्नपत्रिकेची मागची बाजू

तर, त्या रात्री पार्किंगमध्ये आजोबा आले. मी म्हटलं, "आजोबा, फाइल लॉक झालीये. मापंच नाहीत आपल्याकडे."

"मापं नाहीत कशी? मी लिहून ठेवली होती की."

"तुम्ही? कधी?"

"अरे, तू पहिल्या वर्षी गिअर छापलेस तेव्हा. तुला म्हटलं होतं कागदावर उतरवून ठेव. तू म्हणालास, क्लाउडवर आहे. म्हणून मीच उतरवलं."

वर गेले, आणि टेबलाच्या खणातून एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आले. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने, त्या सुबक ड्राफ्ट्समनच्या अक्षरात: मोड्यूल १.५. दात २० आणि ४०. सेंटर अंतर ४५. जाडी ८. खाली दोन वर्तुळं आणि सही, तारखेसकट.

पुढचं सरळ होतं. मोड्यूल गुणिले दात म्हणजे पिच वर्तुळाचा व्यास. १२ दातांचा १८, ४८ दातांचा ७२. बेरीज ९०, निम्मं केलं की ४५. जुळलं! फ्रीकॅड डाउनलोड केलं, गिअर काढले, नव्या मोटरच्या शाफ्टचं भोक पाडलं, पहाटेपर्यंत प्रिंट चालू. चतुर्थीला वारकऱ्यांनी मिनिटाला पंधराच्याच लयीत टाळ वाजवले. सोसायटीत कुणाला काही कळलंही नाही.

त्या सेवेला मी एक रुपया दिला नव्हता, म्हणून मी तिला स्वस्त समजत होतो. पण जी रेघ मला परत हलवता येत नाही, ती फुकटातही महागच. ड्रॉइंग बोर्डाच्या काळात रेघ काढायला कष्ट पडायचे, पण ती आपली असायची. आता काढायला क्षण लागतो. ती आपली राहील एवढं बघणं मात्र आपल्याच हातात आहे.

ती पत्रिका आता आमच्या देखाव्याच्या पेटीत असते, प्लास्टिकच्या पाउचमध्ये. या वर्षी तिच्यावर नवीन ओळ आहे: दात १२ आणि ४८. ती मी लिहिली. आजोबांनी बघितलं आणि म्हणाले, "आकडे ठीक. अक्षर सुधार."

तुम्ही कुठला प्रोजेक्ट करताय, कुठल्या कॅडवर, ते आम्हाला नक्की कळवा. आणि ऐकून झाल्यावर एक काम कराच: तुमची सगळ्यात आवडती फाइल उघडून तिची स्टेप प्रत आजच काढून ठेवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा आणि बनवत राहा!